खेळाडूची सुई आणि मालकाची वही

कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत हे नित्याचे विषय सोडून खेळाडूंच्या औषधपाण्यावर बोलावे, याचे पुष्कळ श्रोत्यांना नवल वाटेल. ते वाटणे रास्त आहे. परंतु आमच्या मते हा विषय आमच्याच अंगणातला आहे. पगार घेऊन, मालकाच्या हुकमाने, मालकाने नेमलेल्या जागी माणूस जे करतो ते काम. आणि त्या कामापायी त्याच्या शरीराला जे होते त्याचा जाब विचारणे हा आमचा धंदा. मग ते शरीर यंत्रमागापाशी उभे असो की हिरवळीवर धावत असो.

आपल्याकडे खेळ म्हटला की अजून तालीमच आठवते. वस्ताद पठ्ठ्याला खुराक देतो. बदाम, खारीक, दूध, तूप. पण तो बदाम पठ्ठ्याच्या डोळ्यांदेखत वाटला जातो, पुष्कळदा त्यालाच वाटावा लागतो, आणि दूध कोणाच्या म्हशीचे हेही त्याला ठाऊक असते. आजच्या धंदेवाईक खेळाडूपुढे पूरक आहार म्हणून जे येते ते निराळे. एखादी पांढरी भुकटी, एखादी गोळी, नाहीतर पाण्यासारखे काही भरलेली सुई. त्यात काय आहे हे चवीने कळत नाही, वासाने कळत नाही. डब्यावरच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवावी, तर तीही खरी असतेच असे नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेरा देशांतून विकत घेतलेले अशा पूरक द्रव्यांचे ६३४ नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी शेकडा सुमारे पंधरांत, चिठ्ठीवर नाव नसलेली, संप्रेरकांच्या जातकुळीची द्रव्ये निघाली. आपल्या गल्लीतल्या व्यायामशाळेत रंगीत डब्यांची जी उतरंड रचलेली असते, तिच्याकडे पाहताना हा आकडा ध्यानात असावा.

ज्या प्रकरणातून हा प्रश्न अगदी स्वच्छ दिसतो ते ऑस्ट्रेलियातले आहे. मेलबर्नचे क्रिकेटचे मैदान आपणा सर्वांच्या ओळखीचे. हिवाळ्यात त्याच मैदानावर तिकडचा देशी फुटबॉल खेळतात. एका बाजूला अठरा गडी, चेंडू लांबट, आणि तो हाताने-पायाने दोन्ही प्रकारे पुढे न्यायचा. एसेंडन हा त्या खेळातला एकोणिसाव्या शतकापासूनचा मातबर क्लब. 'क्लब' ह्या शब्दाने मात्र फसू नये. संध्याकाळी चार मित्रांनी जमून पत्ते कुटावे तसला हा क्लब नव्हे. हा मालक आहे. खेळाडूशी लेखी करार असतो, पगार ठरलेला असतो, सरावाची वेळ, जेवण, वजन, झोप यांवर देखरेख असते. आणि खेळाडूने आपला मालक निवडायचा असतो म्हणावे, तर सुरुवातीला तेही नाही. दरवर्षी सतरा-अठरा वर्षांच्या होतकरू मुलांची यादी होते आणि क्लब पाळीपाळीने त्यांतून मुले उचलतात. ज्याने उचलले त्याच्याकडे जायचे. आमच्या ओळखीच्या कोणत्याही कारखान्यात भरतीची इतकी कडक रीत नाही.

२०१२ च्या मोसमात ह्या क्लबात खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी एक नवा कार्यक्रम सुरू झाला. स्टीफन डँक नावाचे क्रीडाशास्त्रज्ञ तो चालवीत. मुख्य प्रशिक्षक होते जेम्स हर्ड, ह्याच क्लबाचे पूर्वीचे नामांकित खेळाडू आणि गावाच्या गळ्यातले ताईत. खेळाडूंना सुया टोचल्या जाऊ लागल्या. काही क्लबाच्या आवारात, काही बाहेरच्या दवाखान्यात. त्यांच्याकडून संमतिपत्रांवर सह्या घेण्यात आल्या. त्या पत्रांत चार द्रव्यांची नावे होती आणि हे सारे उत्तेजकविरोधी नियमांना धरून आहे असे आश्वासन होते. चारांपैकी दोन सुईने द्यायची. एक एओडी-९६०४, हे मूळ मेलबर्नमध्येच लठ्ठपणावरील औषध म्हणून शोधले गेले, पण औषध म्हणून बाजारात येण्याइतके ते कसोटीस उतरले नाही. दुसऱ्याचे नाव नुसते 'थायमोसिन' असे लिहिलेले होते.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण पुढचा सारा घोळ ह्या एका शब्दात आहे. थायमोसिन हे एका द्रव्याचे नाव नव्हे, ते आडनाव आहे. त्या आडनावाचे थायमोसिन बीटा-४ हे खेळात बंदी असलेले. आणि त्याच्याशी नावाने जुळणारे थायमोमॉड्युलिन हे बंदी नसलेले. बीटा-४ हे द्रव्य शरीरात स्वभावतःच असते आणि इजा भरून येण्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून दुखापतींनी गांजलेल्या धंद्यात त्याचे आकर्षण. एखाद्या पिंपावर केवळ 'अॅसिड' असे लिहावे आणि कामगाराची सही घ्यावी, तसा हा प्रकार झाला. लिंबाच्या रसातही अॅसिड असते आणि बॅटरीतही असते.

क्लबाचे जुने डॉक्टर होते. त्यांनी २०१२ च्या आरंभीच, ह्या कार्यक्रमाबद्दल आपल्याला काळजी वाटते आणि आपल्याला डावलले जात आहे, अशा आशयाचे पत्र प्रशिक्षक व फुटबॉल-व्यवस्थापक यांच्या नावे लिहिले. सुया थांबल्या नाहीत. ज्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याचा शेरा फाइलीला लागतो आणि यंत्र चालूच राहते, तेथे आम्ही आयुष्याची पुष्कळ वर्षे काढली आहेत. त्यामुळे ही गोष्ट वाचताना ती दूरदेशीची वाटली नाही. आणि एक खेळाडू असा निघाला की त्याने सुई घेतलीच नाही. कारण काय? त्याला सुईची भीती वाटे! नियमावली, डॉक्टर, संमतिपत्र यांपैकी कशानेही जे झाले नाही ते त्या एका माणसाच्या भित्रेपणाने त्याच्यापुरते केले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लबाने आपण होऊन चौकशी मागितली आणि प्रकरण उघड्यावर आले. क्लबानेच नेमलेल्या झिगी स्वित्कोव्स्की यांच्या अहवालात, ह्या कार्यक्रमावर कोणाचा पुरता अंकुश नव्हता, कोणी त्याला आव्हान दिले नाही आणि त्याची नीट नोंद ठेवली गेली नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. नोंद नाही! कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या बाटलीतून, किती, हे सांगणारी वही नाही. खेळाडूंपैकी एकाला तर, माझ्या अंगात काय टोचले ते सांगा, एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

ह्याच न सापडलेल्या वहीवरून पुढे दोन ठिकाणी न्याय झाला. दोन्ही निकाल एकाच महिन्यात लागले, आणि ते एकमेकांशेजारी ठेवले की आमचा मुद्दा आपोआप पुढे येतो.

पहिले ठिकाण उत्तेजकविरोधी न्यायाचे. जगभरच्या ह्या कायद्याची देखरेख जी संस्था करते तिला आद्याक्षरांवरून 'वाडा' म्हणतात आणि आपल्या देशातल्या संस्थेला 'नाडा' म्हणतात. पुणेकरांनी हसू नये, कारण त्यांचा दरारा मोठा आहे. ह्या कायद्याचे मूळ सूत्र असे की खेळाडूच्या शरीरात जे गेले त्याला खेळाडू जबाबदार. कोणी दिले, फसवून दिले काय, हे प्रश्न शिक्षेचे माप ठरवताना येतील, दोष ठरवताना नाही. एसेंडनच्या ३४ खेळाडूंवर आरोप आला. एकाचीही लघवीची किंवा रक्ताची तपासणी सदोष ठरलेली नव्हती. मार्च २०१५ मध्ये तेथील फुटबॉल संघटनेच्या न्यायाधिकरणाने त्यांना सोडून दिले. 'वाडा'ने अपील केले. १२ जानेवारी २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ३४ जणांना दोषी धरले आणि प्रत्येकी दोन वर्षांची बंदी घातली.

लवादाची विचारसरणी कळून घेण्यासारखी आहे. पुरावा म्हणजे साखळी मानली, तर एक कडी निखळताच ती तुटते. लवादाने ती उपमा घेतली नाही; पुरावा हा अनेक पेडांचा दोर आहे, एखादा पेड कच्चा असला तरी दोर भार सोसतो, अशी दृष्टी घेतली. त्यांतला एक पेड असा: तपासणीच्या वेळी खेळाडूंनी स्वतः घेतलेल्या द्रव्यांचे तक्ते भरायचे असतात, त्यांत ह्या सुयांचा उल्लेख नव्हता. हा पेड कच्चा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गोष्टीची सही दिली ती तक्त्यात का लिहिली नाही, ह्या प्रश्नाला खेळाडूंकडे चांगले उत्तर नव्हते. पण क्लबाकडे वही असती तर त्या खेळाडूंना एक तर निर्दोष सुटता आले असते, नाहीतर निदान आपण कशाबद्दल शिक्षा भोगतो हे तरी कळले असते. वही नव्हती, आणि तिच्या नसण्याचा सारा भार त्यांच्या अंगावर पडला.

दुसरे ठिकाण मेलबर्नच्या मॅजिस्ट्रेटचे कोर्ट. व्हिक्टोरिया राज्यात २००४ चा कामाच्या जागेतील आरोग्य व सुरक्षिततेचा कायदा आहे आणि तो राबवणारे वर्कसेफ नावाचे खाते आहे. मचाणावरून गवंडी पडला, यंत्रात बोट गेले, की हे खाते धावते. ह्या खात्याने फुटबॉल क्लबावर खटला भरला. दोन आरोप: आपल्या नोकरांसाठी धोक्यापासून मुक्त असे कामाचे वातावरण राखले नाही, आणि सुरक्षित अशी कामाची पद्धत ठेवली नाही. क्लबाने दोन्ही आरोप कबूल केले. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्याला २ लाख डॉलर दंड झाला.

आता फरक पाहा. ह्या कोर्टात, सुईत नेमके काय होते हे सिद्ध करण्याची गरजच पडली नाही. बीटा-४ होते की दुसरे काही, बंदीचे होते की बिनबंदीचे, कोणाला अपाय झाला की नाही, ह्यांपैकी काहीही ठरले नसताना गुन्हा पुरा झाला होता. मालकाने आपल्या नोकराच्या शरीरात काहीतरी जाऊ दिले आणि ते काय हे तो सांगू शकत नाही, एवढे पुरे. ज्या कोऱ्या वहीने पहिल्या ठिकाणी खेळाडूंना बुडवले, तिनेच दुसऱ्या ठिकाणी मालकाला पकडले.

आमच्या धंद्यात ही वही काय चीज आहे हे आम्ही फार जवळून पाहिले आहे. एका रासायनिक कारखान्यात पिंपांवरील मूळ चिठ्ठ्या खरवडून त्यांवर नुसते आकडे लिहिलेले असत. चार नंबर ओता, सात नंबर ओता. कारण सांगत, धंद्याचे गुपित. सात नंबरने हाताची साले निघत. दवाखान्यात डॉक्टर विचारी, काय सांडले? कामगार म्हणे, सात नंबर. डॉक्टरने त्यावर काय औषध द्यावे? भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर आपल्या सरकारचे डोळे उघडले आणि १९८७ साली १९४८ च्या कारखाना कायद्यात नवी कलमे घातली गेली. कलम ७-अ ने कामगाराच्या आरोग्याची व सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. कलम ४१-ब ने, कामात कोणते धोके आहेत हे कामगाराला सांगणे सक्तीचे केले. ह्या कलमांचा आणि मेलबर्नच्या कायद्याचा वंश एकच. इंग्लंडात लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीने १९७२ साली अहवाल दिला, त्यावरून १९७४ चा तिकडचा कायदा झाला, आणि त्याची भाषा व्हिक्टोरियापासून दिल्लीपर्यंत पोचली. रॉबेन्स स्वतः कामगार संघटनेच्या कामातून वर आलेले, हे आम्ही अभिमानाने सांगून टाकतो. आपले जुने कायदे २०२० च्या संहितेत एकत्र करण्यात आले आहेत. तिचे गुणदोष हा निराळ्या व्याख्यानाचा विषय.

संमतिपत्राचे मात्र येथेच पाहिले पाहिजे, कारण सुशिक्षित माणसेही येथे चकतात. "त्यांनी सह्या दिल्या होत्या ना? मग तक्रार कसली?" असे हटकून विचारले जाते. आपल्या पट्ट्यातही बदली कामगाराकडून 'मी माझ्या जबाबदारीवर काम करीत आहे' असा कागद लिहून घेणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. कायद्याने ह्या कागदाची किंमत रद्दीइतकी. मालकाचे सुरक्षिततेचे कर्तव्य नोकराच्या सहीने फिटत नाही, कारण ती सही मोकळ्या मनाची आहे हे कोणी सांगावे? एकोणीस वर्षांचा मुलगा, संघात जागा मिळण्याची मारामार, समोर कागद घेऊन बसलेला तो माणूस, ज्याच्या शब्दावर शनिवारचा संघ ठरतो. शिवाय शेजारच्या खुर्चीवर कर्णधाराने आधीच सही केलेली. अशा खोलीत 'नाही' म्हणायला सुईची भीतीच लागते.

दंडाचा हिशेबही सांगितला पाहिजे. ऑगस्ट २०१३ मध्ये फुटबॉलच्या मध्यवर्ती संघटनेने, खेळाच्या लौकिकाला बाध आणला म्हणून क्लबाला २० लाख डॉलर दंड केला, त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांतून बाहेर काढले आणि प्रशिक्षकाला बारा महिने दूर ठेवले. डँक यांच्यावर पुढे २०१५ साली तहहयात बंदी आली. लौकिकाला धक्का लावल्याचे २० लाख; नोकरांच्या आरोग्याला धोका लावल्याचे २ लाख. वैयक्तिक भोग मुख्यतः खेळाडूंचा. बंदी जाहीर झाली तेव्हा ३४ पैकी बरेच जण निवृत्त झालेले होते. जे खेळत होते अशा सतरा जणांचा २०१६ चा मोसम बुडाला. कर्णधार जोब वॉटसन यांना २०१२ चे सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळाले होते. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात खेळाडूंचे अपील ऑक्टोबर २०१६ मध्ये फेटाळले गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी ते पदक सोडले. क्लबाने पुढे खेळाडूंशी नुकसानभरपाईचे समझोते केले, हेही नमूद केले पाहिजे. खेळाडूंची संघटना त्यांच्यामागे उभी राहिली, तिने कायद्याची मदत दिली. पण आमच्या समजुतीप्रमाणे संघटनेचे काम वकील गाठण्याच्या फार अगोदर सुरू होते. त्याच २००४ च्या कायद्यात कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा प्रतिनिधीला मालकास सुधारणेची तात्पुरती नोटीस देण्याचा आणि तातडीचा धोका असल्यास काम थांबवण्याचा अधिकार आहे. मेलबर्नमधल्या फिटरला हे कलम पाठ असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खेळाडूची जबाबदारी सैल केली तर उद्या प्रत्येक लबाड प्रशिक्षकाकडे बोट दाखवील, आणि प्रामाणिकपणे धावणाऱ्याचे नुकसान होईल. खरे आहे. म्हणूनच आम्ही 'वाडा'चे सूत्र मोडा असे म्हणत नाही. ज्या धावपटूच्या अंगात औषध आहे त्याच्याबरोबर बिनऔषधाच्या धावपटूने शर्यत लावावी हा अन्याय आहे, मग ते औषध त्याला कोणीही दिलेले असो. आमचे म्हणणे एवढेच की हा झाला मैदानावरचा हिशेब, दोन खेळाडूंमधला. मालक आणि नोकर यांच्यातला हिशेब ह्याने पुरा होत नाही; तो दुसऱ्या वहीत मांडावा लागतो, आणि बहुतेक देशांत ती वही कोणी उघडतच नाही.

आपल्याकडे काय झाले? २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत चार गुणिले चारशे मीटरच्या रिलेत आपल्या मुलींनी सुवर्णपदके आणली, तेव्हा सारा देश नाचला. २०११ साली त्या चमूतल्या काहींसह सहा धावपटू मुली उत्तेजकांच्या तपासणीत सापडल्या. त्यांचे म्हणणे असे की प्रशिक्षकाने दिलेल्या जिन्सेंगच्या पूरक गोळ्यांतून हे अंगात गेले. प्रशिक्षक युक्रेनचे होते. त्यांना काढून टाकण्यात आले. देशी मंडळाने मुलींचे म्हणणे काही अंशी मानून एक वर्षाची बंदी दिली. जुलै २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती दोन वर्षांची केली. लंडनचे ऑलिंपिक त्यांच्याविना झाले. लवादापुढे प्रश्न एकच होता: मुलींचा दोष किती? ज्या शिबिरात त्या महिनोन्महिने राहत, जेवत, सराव करीत, तेथे बाहेरून आलेला डबा कोणी तपासून आत घ्यायचा आणि कोणत्या वहीत लिहायचा, हा प्रश्न विचारायला मेलबर्नसारखे दुसरे कोर्ट त्यांच्या वाट्याला आले नाही. २०२२ साली आपल्या संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला. 'नाडा'च्या हाती त्याने बळ दिले, ते आवश्यकच होते. पण तोही मैदानावरच्या हिशेबाचा कायदा आहे.

मागणी काय करायची, हे लांबवण्याचे कारण नाही. संघाच्या डॉक्टराचा पगार आणि बढती प्रशिक्षकाच्या हाती नसावी, आणि त्याचा नकार लेखी असला की सुई थांबावी. जे दिले त्याचे पुरे नाव, बाटलीचा वा डब्याचा उत्पादन क्रमांक, तारीख, माप आणि देणाऱ्याची सही, हे खेळाडूला समजेल अशा भाषेत वहीत उतरावे. आणि त्याची एक प्रत खेळाडूच्या खिशात जावी, कारण मालकाच्या कपाटातल्या वह्यांना आगी लागतात हा आमचा जुना अनुभव आहे. खर्च म्हणाल तर कागदाचा.

अडचण निराळीच आहे, आणि ती आपल्या कबड्डीच्या मुलांशी बोलताना लक्षात येते. २०१४ पासून व्यावसायिक लीग सुरू झाली, संघांना धनवान मालक आले. पण खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जण मुळात रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत नोकरीला. लीगच्या मोसमात तेवढे संघमालकाच्या करारावर जायचे आणि मोसम संपला की आपल्या खात्याच्या संघात परत यायचे. मोसमात घेतलेल्या सुईचा परिणाम, किंवा तपासणीचा कागद, खात्याच्या नोकरीत असताना हाती आला, तर जाब कोणत्या मालकाला विचारायचा? दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील. कंत्राटदार आणि मूळ मालक यांच्यातला हाच खेळ आम्ही साखर कारखान्यांच्या आणि बंदराच्या कामात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, आणि तेथे दोघांनाही एकाच अर्जात प्रतिवादी करायचे, ही आमची रीत आहे.